पिशव्या राखायला कोण बसणार?

पत्राचा सारांश: माहेर निपाणीकडचं, सासर खानापूर तालुक्यातल्या एका गावातलं. वय ३६. नवऱ्याच्या नोकरीमुळं गेली चार वर्षं जर्मनीत, हॅम्बुर्गला. मुलगी आठ वर्षांची. जून लागला की ऑगस्ट संपेपर्यंत दर शनिवारी हे कुटुंब आणि ओळखीची आणखी दोन मराठी घरं समुद्रावर जातात. कधी ट्राफेम्युंडे, कधी टिमेनडॉर्फ, एखाद्या वेळी कुक्सहाफेन. ही जाते, पण पाण्यात उतरत नाही. सलवार-कमीज घालून वाळूत चादर पसरते आणि सगळ्यांच्या पिशव्या राखत बसते. आदल्या रात्री सगळ्यांचा डबाही तीच करते. न उतरण्याची कारणं तिनं चार दिली आहेत. तिथले कपडे जमत नाहीत, लोक बघतात. परक्या देशात आलेल्या माणसानं आपल्या पायरीनं राहावं. फोटो घरच्या ग्रुपवर जातात, आणि मागं एकदा सासूबाईंनी विचारलं होतं, "जर्मनीला गेलाय की गोव्याला?" चौथं कारण पत्राच्या अगदी शेवटी, एका ओळीत आहे. ती दहा वर्षांची असताना मामेभाऊ वेदगंगेत बुडाला. त्या रात्री आईनं तिच्याकडून शब्द घेतला, पाण्यात पाय घालायचा नाही. मागच्या उन्हाळ्यात मुलीनं विचारलं, "आई, तू नेहमी पिशव्यांजवळच का असतेस?" तिचा प्रश्न असा: "अक्का, 'दर शनिवारी नको' हे नवऱ्याला कसं सांगू? की मीच बदलायला पाहिजे?"

अगं, तू मला अक्का म्हटलंस, तेव्हा तुला 'तू'च म्हणते.

कारणं चार लिहिलीस. मला पत्रात पाचवं दिसलं, आणि ते तू कारण म्हणून धरलंच नाहीस. शुक्रवारी रात्री साडेअकरापर्यंत तू बारा जणांचे धपाटे थापतेस, शेंगदाण्याची चटणी कुटतेस, दह्याचे डबे भरतेस. शनिवारी सकाळी चहाचे दोन थर्मास. म्हणजे दिवसभर ज्या पिशव्या राखतेस, त्यातल्या निम्म्या तुझ्याच हातच्या स्वयंपाकाच्या. परत आल्यावर वाळू झाडायची, टॉवेल धुवायचे, डबे घासायचे. रविवार त्यातच सरतो. सोमवारी नवरा ताजातवाना होऊन ऑफिसला. ही सुट्टी नेमकी कुणाची?

हे चित्र माझ्या ओळखीचं आहे. आमच्या लहानपणी मे महिन्यात गल्लीतली आठ-दहा घरं मिळून टेंपो ठरवायची आणि आंबोली उतरून वेंगुर्ल्याला जायची. आदल्या रात्री बायका जागून पुऱ्या तळायच्या. तिथं पोचलं की पुरुष आणि पोरं धूम पाण्यात, आणि आई, काकू, शेजारची अव्वा सुरूच्या झाडांखाली डबे मांडत बसायच्या. त्या बायकांनी समुद्र बघितला तो भांडी विसळताना. आईला कुणी विचारलं असतं की समुद्र कसा होता, तर ती म्हणाली असती, वाळूनं पातेलं लख्ख निघतं.

तेव्हा नवऱ्याला 'दर शनिवारी नको' म्हणायच्या आधी एक कर. समुद्र नकोसा झालाय की बारा जणांचा डबा नकोसा झालाय, हे स्वतःशी ठरव. मला तरी दुसरंच वाटतं. महिनाभर डबा बंद ठेव. ज्याचं त्यानं आणावं, नाहीतर तिथं पाव, बटाट्याचे तळलेले पोमेस, आईस्क्रीम काय वाटेल ते घ्यावं. शनिवारी दुकानं उघडी असतात, त्यामुळं उपाशी कुणी राहत नाही. इतर दोन घरं आधी थोडी कुरकुरतील. तुझ्या धपाट्यांची सवय लागलीय त्यांना, त्यात त्यांचा काय दोष?

आता 'परक्या देशात आपल्या पायरीनं' हे. हे वाक्य तुझं नाही, तुला कुणीतरी दिलेलं आहे. पाहुण्यानं यजमानाच्या अंगणात पाय पसरून बसू नये, हे खरं. पण चार वर्षं जिथं घरभाडं देतेस, नवऱ्याच्या पगारातून कर कापला जातो, पोर जिथल्या शाळेत जाते, तिथं तू पाहुणी कशी? बऱ्याच किनाऱ्यांवर दिवसाचा कूरटाक्स, म्हणजे पाहुण्यांवरचा कर, म्हणून काही युरो भरावे लागतात. तो पांढऱ्या माणसाला जेवढा, तेवढाच तुला. वाळूवरचा हक्क तू विकत घेतलेला आहेस, म्हण हवं तर. आणि परकेपण आपल्याला नवं आहे का? निपाणीच्या स्टँडवर कन्नड पाटी वाचायला शिकलीस, बँकेत एका भाषेत आणि घरी दुसऱ्या भाषेत बोललीस, त्यात तुझं कुठं काही अडलं? सीमाभागातल्या पोरीला दोन भाषांच्या मधोमध कसं उभं राहायचं ते शिकवावं लागत नाही. ती सवय तू हॅम्बुर्गच्या बाजारात वापरतेस, मुलीच्या शाळेत वापरतेस, फक्त वाळूवर पोचलीस की विसरतेस.

माझी धाकटी लेक ल्युबेकला होती तेव्हा मी एक अख्खा उन्हाळा तिकडं काढला, त्यामुळं तू लिहिलेले किनारे मी पाहिलेत. एक गंमत तेव्हाच लक्षात आली होती. हॅम्बुर्ग एवढं मोठं बंदर, पण समुद्रावर नाहीच. एल्ब नदीवर, मुखापासून शंभरेक किलोमीटर आत. म्हणजे बेळगावहून चोर्ला घाटातून पणजीला जायला जेवढं, साधारण तसंच. तू एका समुद्रजवळच्या पण समुद्र नसलेल्या गावातून उठून दुसऱ्या तशाच गावात गेलीस. फरक हंगामाचा. आपल्याकडं मृग लागला की दर्याकडं पाठ, ते थेट नारळीपौर्णिमेला नारळ वाहून परत तोंड. तिकडं नेमके तेच महिने समुद्राचे. आईच्या घरी पाऊस कोसळत असताना तू वाळूत बसलेली असतेस, हे मनाला विचित्र वाटतं खरं.

त्या किनाऱ्यांवर वेताच्या मोठ्या टोपल्यांसारख्या, छत असलेल्या दोन माणसांच्या खुर्च्या असतात. श्ट्रांडकोर्ब. पाहिल्या असतीलच, भाड्यानं मिळतात. त्यांची जन्मकथा तुला सांगितलीच पाहिजे. १८८२ साली रोस्टॉकमधल्या विल्हेल्म बार्टेलमन नावाच्या बुरडाकडं एक बाई आल्या. संधिवातानं हैराण. समुद्राकाठी बसायचं होतं, पण वारा सोसवत नव्हता. त्यानं त्यांच्यासाठी ही आडोशाची खुर्ची विणली. पुढच्याच वर्षी त्याच्या बायकोनं वार्नम्युंडेला अशा खुर्च्या भाड्यानं द्यायला सुरुवात केली, आणि आज तो सगळा किनारा त्यांनी भरलेला दिसतो. एका बाईला अडचण होती, तिनं ती बुरडाला जाऊन सांगितली. 'मी आपली घरीच बसते' म्हणाली असती तर? पुढच्या वेळी चादर राहू दे, एक श्ट्रांडकोर्ब घे. वाऱ्याकडं पाठ करून बस. आत कपडेही बदलता येतात, टॉवेल आडवा धरला की झालं. ते भाडं नवऱ्याच्या दोन बिअरपेक्षा जास्त आहे, पण तेवढं होऊ दे.

लोक बघतात, म्हणतेस. बघतातच. जर्मन माणूस थेट बघतो, बसमध्ये बघतो, दुकानाच्या रांगेत बघतो, आणि आपण बघितल्यावर नजर काढतही नाही. माझ्याकडंही बघायचे, मी नऊवारी नव्हे, साधी सुती पाचवारीच नेसलेली. पण खरं सांगू, सुती सलवार-कमीज घालून भर उन्हात, भर किनाऱ्यावर, बारा पिशव्यांच्या मधे बसलेल्या बाईकडं लोक जास्त बघतात. उद्या पोहण्याच्या पूर्ण बाह्यांच्या कुर्त्यात आणि पायघोळ तुमानीत गेलीस, तर उन्हाला जपणारी एक बाई, एवढंच. तिकडच्या गोऱ्या कातडीला ऊन सोसत नाही, पोरांना तर आया सर्रास पूर्ण बाह्यांचे कपडे घालून पाण्यात सोडतात.

कपड्यांचं एवढंच. बिकिनी घालायची की नाही हा प्रश्नच कुणी तुझ्यापुढं ठेवलेला नाही, तो तूच घरून घेऊन गेलीस. पण सुती कपड्यात पाण्यात जाऊ नकोस. मी गेले होते. साडी गुडघ्यापर्यंत भिजली, एका लाटेत कमरेपर्यंत गेली, आणि बाहेर आल्यावर बाल्टिक समुद्राच्या वाऱ्यात ती ओली साडी म्हणजे बर्फाची गोधडी. लेक हसत होती, मी कुडकुडत होते. भिजलेलं सूत जड होतं, पायात अडकतं. पोहता न येणाऱ्या बाईला ते धोक्याचंच. पोहण्याच्या कापडाचे अंगभर कपडे तिकडं कुठल्याही खेळाच्या दुकानात मिळतात. शहरातल्या पोहण्याच्या तलावावर गेलीस तर कापड पोहण्याचंच लागतं, सुती चालवून घेत नाहीत. समुद्रावर तसा नियम नाही. आणि कुठल्या पट्ट्यात जायचं नाही ते पाटीवर लिहिलेलं असतं. एफकेके असं दिसलं तर तिथं लोक कपड्यांविना असतात. ते त्यांचं जुनं आहे, त्यात चावटपणा काही नाही, तू शेजारच्या पट्ट्यात जा. हुंडेश्ट्रांड म्हणजे कुत्र्यांचा. आमच्या लेकीनं पहिल्याच दिवशी आम्हाला तिथं नेऊन बसवलं होतं, ते जाऊ दे.

आता त्या शेवटच्या ओळीकडं येते. तू ती चौथ्या नंबरला लिहिलीस, मला ती पहिली वाटते.

दहा वर्षांच्या पोरीनं मामेभावाला नदीत गेलेलं पाहिलं, आणि त्याच रात्री आईनं शब्द घेतला. तो शब्द तू सव्वीस वर्षं पाळलास. कपडे, नजरा, सासूबाई ही सगळी मला त्या शब्दाभोवती घातलेली कुंपणं वाटतात. कपड्याचं कारण सांगणं सोपं असतं. 'मला भीती वाटते' हे बारा माणसांत सांगणं अवघड. नवऱ्याला हे माहीत आहे का? तुझ्या पत्रात तसं कुठं दिसत नाही. भाऊ गेला हे त्याला ठाऊक असेल, पण तू पिशव्यांजवळ बसतेस ती त्यामुळं, हे त्यानं जोडलं असेलच असं नाही. तो मलप्रभेच्या डोहात उड्या मारत वाढलेला. त्याला वाटत असेल, हिला आवडत नाही.

'एकदा उतर, भीती जाईल' असं तुला कुणी म्हटलं तर ऐकू नकोस. तसं धरून ओढलेल्या बायका मी पाहिल्यात, त्या पुन्हा कधी उतरल्या नाहीत. भीती खरी आहे, तिला कारण आहे. पण एक गोष्ट मला तुला विचारायलाच हवी, राग मानू नकोस. आठ वर्षांची पोर पाण्यात आहे आणि तू पिशव्या राखतेस. उद्या तिला धाप लागली तर? पाण्याला भिणारी, पोहता न येणारी आई काठावरून हाका मारण्यापलीकडं काय करणार? तुझ्या आईनं शब्द घेतला तो तू जगावीस म्हणून. आता त्याच शब्दानं तुला पोरीपासून शंभर पावलं लांब बसवलंय.

तिकडच्या लोकांचंही एकेकाळी असंच होतं. १९१२ च्या जुलैत र्‍युगेन बेटावर बिन्झ या गावी समुद्रात गेलेल्या लाकडी धक्क्याचा भाग कोसळला. बोटीची वाट बघत उभी असलेली माणसं पाण्यात पडली आणि पंधराहून जास्त जण बुडाले, काठ इतका जवळ असून. त्या काळी जर्मनीत पोहता येणारे थोडेच होते, वाचवायचं कसं हे जाणणारे तर आणखी कमी. त्या घटनेनंतर, १९१३ साली, त्यांची जीवरक्षकांची मोठी संघटना निघाली, डीएलआरजी. किनाऱ्यावर लाल-पिवळ्या कपड्यांत मनोऱ्यावर बसलेली पोरं असतात ना, ती पुष्कळदा त्यांचीच. म्हणजे पोहणं हे काही त्यांच्या रक्तात नव्हतं. माणसं गमावली, मग शिकले. आज शाळेतच शिकवतात.

तूही शीक, पण समुद्रात नको. शहरातल्या तलावावर, उबदार पाण्यात, छातीपर्यंतच्या खोलीत. मोठ्या माणसांसाठी अगदी पहिल्यापासूनचे वर्ग बऱ्याच तलावांवर असतात, पुष्कळ ठिकाणी फक्त बायकांची वेळही ठेवलेली असते. नाव नोंदवायला उन्हाळ्याची वाट बघू नकोस, तेव्हा झुंबड असते. दिवाळी झाली की विचार. पहिले दोन आठवडे तू फक्त पाण्यात तोंड घालून श्वास सोडशील, आणि घरी येऊन रडशील कदाचित. शिकवणाऱ्या बाईला पहिल्याच दिवशी सांग, भाऊ बुडालेला पाहिलाय. तुझ्या जर्मनमध्ये चार शब्द चुकले तरी तिला कळेल.

मुलीचंही बघ. तिच्याकडं छोट्या समुद्रघोड्याचा बिल्ला असेल, सेपफेर्डशेन. आईबापांना वाटतं झालं, पोर पोहायला शिकली. तो बिल्ला पंचवीस मीटर पोहण्याचा आहे, सुरुवातीचा. डीएलआरजीवाले खरं पोहता येतं असं मानतात ते पुढच्या ब्राँझ बिल्ल्यापासून. त्याला पंधरा मिनिटं न थांबता आणि निदान दोनशे मीटर पोहावं लागतं. तोवर ती हाताच्या अंतरावर हवी. तिच्याजवळ कोण थांबणार हे घरून निघतानाच ठरवायचं. 'सगळे आहेत की' म्हणजे कुणीच नसतं. नवरा नदीत कितीही तरबेज असला तरी डोहाचं पाणी वेगळं आणि समुद्राचं वेगळं. बाल्टिक जुलै-ऑगस्टातही सतरा ते वीस अंशांच्या आसपास असतो. तापलेल्या अंगानं एकदम उडी मारली की श्वास अडकतो. आधी मनगटं, मान ओली करायची, मग हळूहळू.

रबरी बदकं, फुगवलेल्या गाद्या हा एक प्रकार असतो. वारा जमिनीकडून समुद्राकडं असेल त्या दिवशी ती गाडीतच ठेवा. पाणी वरून शांत दिसतं आणि बदक पोरासकट आत जात राहतं.

कुक्सहाफेनचा किनारा मात्र वेगळा आणि तिथं तुझी जास्त काळजी वाटते. बाल्टिकला भरती-ओहोटी जवळपास नाहीच, म्हणून टिमेनडॉर्फला दिवसभर पाणी जिथल्या तिथं. कुक्सहाफेन उत्तर समुद्रावर. ओहोटीला पाणी मैलभर मागं जातं, ओली चिखलवाळू उघडी पडते, लोक अनवाणी नॉयवेर्क बेटापर्यंत चालत जातात. हा पट्टा २००९ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे, आणि खरंच बघण्यासारखा आहे. पाण्याला भिणाऱ्या माणसासाठी तर उत्तम, कारण समुद्रात उभं राहायचं आणि पाणी घोट्याला! पण भरती पाठीमागून येते. मधले ओहोळ आधी भरतात, पुढं वाळू कोरडी दिसत असते आणि परतीची वाट तुटलेली असते. भरतीचं वेळापत्रक बघितल्याशिवाय आणि माहीतगार वाटाड्या नसेल तर लांब जायचं नाही. निपाणीची नदी पावसाळ्यात कशी वाढते ते तू पाहिलंस, तुला हे कुणी समजवायला नको.

मघाशी कन्नड पाटीचं बोलले, तशीच ही पाटी वाचायला शीक, पोरीलाही शिकव. 'बाडेन फरबोटेन' म्हणजे उतरायला मनाई. 'लेबेन्सगेफार', जिवाला धोका. 'नुर फ्युर श्विमर', फक्त पोहता येणाऱ्यांसाठी. निशाणं सोपी आहेत: लाल-पिवळं म्हणजे जीवरक्षक हजर आहेत, नुसतं पिवळं म्हणजे कच्च्यांनी उतरू नये, लाल म्हणजे कुणीच नाही. अडचण आली तर ११२.

हे लिहिताना दुबई, मस्कत, मेलबर्नकडच्या बहिणीही डोळ्यांपुढं आहेत. अशी पत्रं तिकडूनही येतात. आखातात उन्हाळ्यात दुपारी वाळूवर जाणं हा वेडेपणा, तिथं पहाट आणि रात्र. काही किनाऱ्यांवर फक्त बायकांचे दिवस असतात, चौकशी करा. ऑस्ट्रेलियात उन्हाळा आपल्या दिवाळीनंतरचा, आणि तिथं दोन लाल-पिवळ्या निशाणांच्या मधेच उतरायचं, बाहेर नाही, कितीही मोकळं दिसलं तरी. जर्मनीतून शेजारच्या डेन्मार्कच्या किनाऱ्यावर जाणार असाल तर राहण्याच्या परवान्याचं कार्ड आणि पासपोर्ट दोन्ही बरोबर हवेत. एका दिवसाचंच तर आहे, म्हणून घरी ठेवून जाऊ नका.

आता नवरा. समुद्रावर, बारा जणांसमोर, शनिवारी सकाळी पिशव्या भरताना हा विषय काढू नकोस. मधल्या वारी, जेवण झाल्यावर, पोर झोपली की काढ. आणि 'दर शनिवारी नको' यानं सुरुवात करू नकोस, त्याला ती तक्रार वाटेल. आधी भावाचं सांग. मग डब्याचं. मग तुला काय हवंय ते. मी तुझ्या जागी असते तर असं मागितलं असतं: महिन्यातून एकदा सगळ्यांबरोबर. एकदा फक्त आपण तिघं, तेही दुपारी चारनंतर. जूनअखेर तिकडं सूर्य मावळायला रात्रीचे जवळजवळ दहा वाजतात, दिवसाची गर्दी तोवर परतलेली असते. एक शनिवार माझा, मी झोपेन नाहीतर काय वाटेल ते करीन. आणि उरलेल्या वारी त्यानं लेकीला घेऊन खुशाल जावं, डबा त्यानं करावा. तुम्ही न गेल्यानं त्या दोन घरांशी मैत्री तुटेल असं तुला वाटतं. तुटली, तर ती धपाट्यांशीच होती म्हणायची.

त्याला एवढ्या लोकांची गरज का वाटते, हेही विचार. हे त्याच्या बाजूनं म्हणते. आठवडाभर इंग्रजी-जर्मन बोलून थकलेल्या माणसाला शनिवारी मराठीत ओरडायचं असतं, वाळूत पत्ते कुटायचे असतात. त्याचा समुद्र तोच असेल. तो त्याच्याकडून काढून घेऊ नकोस.

फोटोंचा प्रश्न मला तू मांडलास तेवढा मोठा वाटत नाही. फोटो तू टाकत नाहीस, तो टाकतो. त्याला सांग, पोहण्याच्या कपड्यातले पोरीचे फोटो पन्नास माणसांच्या ग्रुपवर जाणार नाहीत, आत्या-काकांच्याही नाहीत. हे लाजेचं नाही, पोरीच्या हिताचं आहे. तिकडचे लोक तर परक्याचं मूल चौकटीत आलं तरी हटकतात. सासूबाईंना वेगळा फोटो पाठव, श्ट्रांडकोर्बमध्ये बसलेल्या सुनेचा, खाली ती बुरडाची गोष्ट लिहून. 'गोव्याला गेलाय का' म्हणाल्या त्या. बेळगावची भाजी रोज पहाटे चोर्ल्यातून गोव्याला उतरते, तुमच्या तालुक्यातली किती पोरं तिथं कामाला आहेत, आणि सासूबाईंच्या तोंडात गोवा म्हणजे शिवी! त्यांना कुणी कधी मिरामारला नेऊन वाळूत बसवलंय का, हे नवऱ्याला विचार. पुढच्या सुट्टीत आलात की ते करा. पिशव्या तो राखेल.

राहिली तुझी आई. शब्द तिला दिलायस, तेव्हा तो परतही तिच्याकडूनच घ्यायला हवा. वर्गाला नाव घालून झाल्यावर सांगू नकोस, आधी सांग. फोनवर एवढंच म्हण, "आई, पोरगी पाण्यात जाते आणि मला पोहता येत नाही. शिकू का?" ती गप्प बसेल, कदाचित दोन दिवस फोन उचलणार नाही. तिचाही तो भाचा होता. घाई करू नकोस. आणि अगदीच 'नको' म्हणाली, तर मला कळव. निपाणी इथून दीड तासावर आहे, मी जाऊन बसेन तिच्यापाशी.

— अक्का